ब्राउझर चालतो, पण अपडेट अडकते: प्रॉक्सीविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे प्रॉक्सीच्या, म्हणजे आपला संगणक आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून आपल्या वतीने मागणी पुढे नेणाऱ्या सर्व्हरच्या, अडचणींविषयी आहेत, म्हणून हे पूर्ण सदर त्यांच्यासाठी ठेवले आहे. उत्तरांत कमांड, फाइलींची नावे आणि पत्ते देवनागरीत छापले असले, तरी संगणकावर ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच टंकित करावेत. विशेष उल्लेख नसेल तेथे सर्व अक्षरे स्मॉल समजावीत.

प्रश्न: आमच्या शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू असलेले २२ संगणक आहेत. इंटरनेट स्क्विड या प्रॉक्सी सर्व्हरमधून येते. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरील दाराचा क्रमांक, ३१२८ आहे. सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात मी ‘मॅन्युअल’ हा पर्याय निवडून हा पत्ता भरला. फायरफॉक्स उत्तम चालतो, टर्मिनलमध्ये डब्ल्यूगेटने फाइलही उतरते; मात्र ‘सुडो एपीटी अपडेट’ दिले की ते शून्य टक्क्यावर अडकून बसते. विद्यार्थी स्वतःच्या खात्याने आत आले की त्यांच्याकडे प्रॉक्सी लागलेलीच नसते. संपूर्ण संगणकाला एकदाच प्रॉक्सी लावता येत नाही का? — संगणक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर: आपल्या प्रश्नातील ‘संपूर्ण संगणकाला’ या दोन शब्दांतच सगळी मेख आहे. प्रॉक्सीचे सेटिंग हे फाटक नसून सूचनाफलक आहे. ‘बाहेर जायचे असेल तर या पत्त्यावरून जा’ एवढेच त्यावर लिहिलेले असते. तो फलक वाचायचा की नाही, आणि कोणता फलक वाचायचा, हे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. लिनक्सवर असे फलक एकापेक्षा अधिक आहेत. आपण त्यांपैकी एकच रंगवला आहे, आणि तोही फक्त आपल्या खात्याच्या दारावर.

सेटिंग्जच्या खिडकीत भरलेला पत्ता जीनोम या डेस्कटॉपच्या नोंदींमध्ये, त्या वापरकर्त्यापुरता साठवला जातो. फायरफॉक्सचे मूळ सेटिंग ‘सिस्टिमची प्रॉक्सी वापरा’ असे असल्यामुळे तो या नोंदी वाचतो. डब्ल्यूगेट त्या वाचत नाही. त्याला ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ आणि ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’ ही पर्यावरण चले, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणाऱ्या नावानिशी नोंदी), लागतात. तरीही आपल्याकडे डब्ल्यूगेट चालला, कारण जीनोमचे टर्मिनल नवी खिडकी उघडताना डेस्कटॉपची नोंद पाहून ही चले आपणहून भरून देते. आपण कमांडपूर्वी ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्रॅम) लिहिले की सुडो सुरक्षिततेसाठी बहुतेक चले पुसून टाकतो आणि एपीटीच्या, म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती काहीच उरत नाही. मग तो थेट बाहेर पडू पाहतो, बाहेर राउटरने वाट बंद केलेली असते, आणि पडद्यावर ‘शून्य टक्के, कनेक्टिंग टू…’ ही ओळ तशीच थांबून राहते. एकाच खिडकीत, एकाच मिनिटात एक कमांड चालते आणि दुसरी चालत नाही, याचे कारण एवढेच आहे. आपले नेटवर्क किंवा स्क्विड यांत काहीही दोष नाही.

आता उपाय. पहिली जागा म्हणजे ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल. तिच्यात एकेका ओळीवर चलाचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि पत्ता असे लिहावे: एचटीटीपी_प्रॉक्सी=एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:३१२८/ . दुसऱ्या ओळीत एचटीटीपीएस_प्रॉक्सी या नावापुढे हाच पत्ता द्यावा, आणि तो पत्ताही ‘एचटीटीपी’नेच सुरू करावा. येथे पुष्कळ जण चुकतात. सुरुवातीचा शब्द संगणक आणि प्रॉक्सी यांच्यातील बोलणे कोणत्या पद्धतीने होईल ते सांगतो. पलीकडच्या संकेतस्थळाशी त्याचा संबंध नाही. सुरक्षित संकेतस्थळासाठी प्रोग्रॅम प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ अशी विनंती करतो, प्रॉक्सी वाट उघडून देते आणि त्यानंतरचा कूटबद्ध मजकूर ती न उलगडता पुढे सरकवते. ही फाइल शेलची, म्हणजे टर्मिनलमधील कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमची, स्क्रिप्ट नाही, त्यामुळे तिच्यात ‘एक्स्पोर्ट’ हा शब्द लागत नाही आणि डॉलरचे चिन्ह लावून दुसऱ्या चलाचा संदर्भ चालत नाही. ती लॉगिनच्या वेळी वाचली जाते. म्हणून बदल केल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावे. उबुंटूमध्ये सुडोदेखील ही फाइल वाचतो, त्यामुळे आपली मूळ अडचण बहुधा येथेच सुटेल.

नावे स्मॉल अक्षरांत लिहिण्याचा आग्रह उगाच नाही. बरेच प्रोग्रॅम कॅपिटल नावेही ओळखतात, पण कर्ल हा फाइली उतरवणारा प्रोग्रॅम ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ हे एकच नाव मुद्दाम स्मॉल अक्षरांतच मानतो. वेब सर्व्हरवरील जुन्या सीजीआय पद्धतीत बाहेरून आलेल्या विनंतीचे प्रत्येक शीर्षक ‘एचटीटीपी’ आणि अधोरेषा लावून कॅपिटल अक्षरांत चल म्हणून ठेवले जाते. कुणी ‘प्रॉक्सी’ नावाचे शीर्षक पाठवले, तर सर्व्हरची प्रॉक्सीच त्या परक्या माणसाच्या हाती जाऊ शकते. २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने हा दोष गाजला होता.

एपीटीसाठी मी तरीही स्वतंत्र फाइल ठेवण्याचा सल्ला देईन, कारण आपोआप होणारी सुरक्षा अपडेट कुणीही लॉगिन न करता पार्श्वभूमीत चालतात आणि लॉगिनच्या वेळी वाचलेली चले त्यांच्यापर्यंत पोहोचतीलच असे नाही. ‘ईटीसी’मधील ‘एपीटी’ या फोल्डरात ‘एपीटी.कॉन्फ.डी’ नावाचा फोल्डर आहे. त्यात ‘९५प्रॉक्सी’ अशी नवी फाइल करून ‘अॅक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी’ असे लिहावे, पुढे दुहेरी अवतरणात पत्ता द्यावा आणि ओळ अर्धविरामाने संपवावी. येथे ‘अॅक्वायर’ आणि ‘प्रॉक्सी’ यांचे पहिले अक्षर कॅपिटल असते. एचटीटीपीएससाठी अशीच दुसरी ओळ लिहावी. अर्धविराम राहून गेला तर एपीटी ती फाइल नाकारतो आणि चुकीची ओळही दाखवतो. स्नॅप या सॉफ्टवेअर बसवण्याच्या दुसऱ्या पद्धतीसाठी ‘सुडो स्नॅप सेट सिस्टिम प्रॉक्सी.एचटीटीपी=’ आणि पुढे पत्ता, व तशीच एचटीटीपीएसची कमांड, एकदा द्यावी लागते. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्वतः स्नॅपच्या रूपात येत असल्यामुळे ही पायरी गाळली, तर ब्राउझर चालत राहतो पण जुना होत जातो.

विद्यार्थ्यांच्या खात्यांसाठी डीकॉन्फची, म्हणजे जीनोमच्या नोंदी साठवणाऱ्या व्यवस्थेची, यंत्रव्यापी नोंद वापरावी. ‘ईटीसी’तील ‘डीकॉन्फ’ फोल्डरात सर्वांसाठीची प्रॉक्सी एकदा लिहिता येते, तेथेच ‘लॉक्स’ फोल्डरात ती कुलूपबंद करता येते आणि शेवटी ‘सुडो डीकॉन्फ अपडेट’ दिले की प्रत्येक खात्याला ती लागू होते. या तीनचार फाइली एका संगणकावर नीट तपासाव्यात आणि मगच उरलेल्या २१ संगणकांवर उतरवाव्यात. अनेक संगणकांवर एकदम बदल करणाऱ्या ॲन्सिबलची सवय असेल तर उत्तम, नसेल तर एससीपी या फाइली पाठवण्याच्या कमांडने पाठवल्या तरी चालेल. पण प्रत्येक संगणकावर हाताने टंकलेखन करू नये. २२ ठिकाणी हात लागला की एका ठिकाणी तरी पोर्ट ३१८२ होतो, आणि तो शोधण्यात दुपार जाते.

राहिली अपवादांची यादी, आणि माझ्या मते हाच सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. शाळेच्या आतच असलेल्या सर्व्हरकडे जाणारी मागणी प्रॉक्सीकडे जाता कामा नये. एका संस्थेत अशी मांडणी करताना मी ही यादी लिहिली नाही. सकाळी ब्राउझरमध्ये सर्व पाने उघडत होती. दुपारी उपस्थिती नोंदवण्याचा अंतर्गत कार्यक्रम बंद पडला, कारण त्याच यंत्रावर चालणाऱ्या दुसऱ्या सेवेला बोलावतानाही तो स्वतःचा पत्ता घेऊन प्रॉक्सीकडे जात होता. तेव्हापासून मी पत्ता लिहिण्याआधी ‘नो_प्रॉक्सी’ची ओळ लिहितो. तिच्यात लोकलहोस्ट, १२७.०.०.१, ::१ (ही तिन्ही त्याच संगणकाची नावे), शाळेच्या सर्व्हरांची नावे आणि त्यांचे पत्ते स्वल्पविरामाने, मध्ये रिकामी जागा न सोडता लिहावेत. १९२.१६८.१.०/२४ असा पत्त्यांचा पूर्ण पट्टा लिहिण्याचा मोह होतो, पण तो प्रत्येक प्रोग्रॅमला समजत नाही. कर्लला तो ७.८६ आवृत्तीपासून कळू लागला, डब्ल्यूगेटला कळत नाही. चारपाच सर्व्हर असतील तर पत्ते पूर्ण लिहिणेच श्रेयस्कर.

आणखी एक गोष्ट. मुलांना सुरक्षित इंटरनेट मिळावे हा आपला हेतू असेल, तर केवळ सेटिंगवर विसंबू नये. सेटिंग न वाचता थेट बाहेर जाणारा प्रोग्रॅम कुलूपबंद सेटिंगलाही जुमानत नाही. खरे फाटक राउटरवर लावावे लागते: बाहेर जाणारी ८० आणि ४४३ या पोर्टवरील वाहतूक फक्त १९२.१६८.१.१० या यंत्राला मोकळी ठेवावी, बाकी सर्वांना बंद करावी, आणि ४४३ वरील यूडीपी या दुसऱ्या पद्धतीची वाहतूक विसरू नये, कारण आजचे ब्राउझर तीही वाट वापरतात.

प्रश्न: आमचे लेखापरीक्षणाचे छोटे कार्यालय आहे. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कार्यालयाची प्रॉक्सी भरली आहे. घरी नेल्यावर ब्राउझर ‘प्रॉक्सीशी संपर्क होत नाही’ असे सांगतो, म्हणून कर्मचारी ती बंद करतात आणि सकाळी चालू करायला विसरतात. शिवाय कार्यालयात ब्राउझर चालत असूनही एका सॉफ्टवेअरची पार्श्वभूमीतील सेवा अपडेट घेत नाही. — एक सनदी लेखापाल, नाशिक

उत्तर: आपण दोन स्वतंत्र अडचणी एकत्र लिहिल्या आहेत, दुसरी आधी घेतो.

विंडोजमध्ये दोन नोंदवह्या आहेत. सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, प्रॉक्सी या वाटेने जे भरले जाते, ते प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र असते. ब्राउझर आणि बहुतेक खिडकीवाले प्रोग्रॅम ते वाचतात. कुणीही लॉगिन केलेले नसतानाही चालणाऱ्या सेवांना कुणाची नोंद वाचावी हे कळण्याचा मार्गच नसतो. त्यांपैकी बऱ्याच विनएचटीटीपी नावाची दुसरी, यंत्रव्यापी नोंद वापरतात, आणि ती सहसा कोरी असते. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून ‘नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ लिहावे. उत्तरात ‘डायरेक्ट अॅक्सेस’ दिसले तर आपल्या सेवेला प्रॉक्सी ठाऊकच नाही असे समजावे. ‘नेटएसएच विनएचटीटीपी इम्पोर्ट प्रॉक्सी सोर्स=आयई’ ही कमांड आपल्या खात्यातील नोंद तेथे उतरवते आणि ‘नेटएसएच विनएचटीटीपी रीसेट प्रॉक्सी’ ती पुसते. मात्र इम्पोर्ट ही त्या क्षणाची नक्कल आहे. पुढे खात्यातील पत्ता बदलला तर ही नक्कल जुनीच राहते. म्हणून घरी जाणाऱ्या लॅपटॉपवर ती करण्यापूर्वी विचार करावा. टेबलावरच्या संगणकांना ती निर्धास्त करावी.

आता घर आणि कार्यालय. रोज चालू-बंद करण्याची जबाबदारी माणसावर टाकणारी व्यवस्था टिकत नाही. ती यंत्रावर सोपवावी. त्यासाठी पीएसी फाइल हा जुना पण विश्वासू मार्ग आहे. नेटस्केपने तो १९९६ मध्ये नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आणला आणि आजचे सर्व प्रमुख ब्राउझर तो मानतात. ही जावास्क्रिप्टमधील लहानशी फाइल असते. तिच्यात ‘फाइंडप्रॉक्सीफॉरयूआरएल’ (यात प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर आणि यूआरएल कॅपिटल) हे एकच मुख्य फंक्शन असून, प्रत्येक पत्त्यासाठी प्रॉक्सीकडून जायचे की थेट, हे ते सांगते. कार्यालयातील नावांसाठी ‘डायरेक्ट’ आणि बाकीच्यांसाठी ‘प्रॉक्सी’ व पुढे पत्ता, असे उत्तर तिच्यात (हे दोन्ही शब्द कॅपिटल अक्षरांत) लिहिता येते. ही फाइल कार्यालयातील एखाद्या वेब सर्व्हरवर ठेवावी आणि तिचा पत्ता विंडोजमधील ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ या रकान्यात भरावा. लॅपटॉप घरी गेला की तो सर्व्हर सापडत नाही, स्क्रिप्ट मिळत नाही आणि विंडोज थेट जोडणी वापरते. सी ड्राइव्हवरील फाइलचा पत्ता मात्र येथे देऊ नये. हल्लीचे विंडोज तो स्वीकारत नाही.

उत्तरात प्रॉक्सीच्या पत्त्यानंतर अर्धविराम देऊन ‘डायरेक्ट’ही लिहिता येते, म्हणजे प्रॉक्सी बंद पडली तरी काम अडत नाही. ही सोय घ्यावी की नाही, हे आपण प्रॉक्सी कशासाठी बसवली आहे यावर ठरेल. केवळ वेग वाढवण्यासाठी असेल तर अवश्य घ्यावी. नोंद ठेवण्यासाठी किंवा नियंत्रणासाठी असेल तर घेऊ नये.

त्याच पानावरील ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ हे बटण आपल्या कार्यालयात वापरात नसेल तर बंद करावे. ते चालू असताना संगणक ज्या नेटवर्कवर असेल त्यालाच प्रॉक्सीचा पत्ता विचारतो. आपल्या कार्यालयात हे ठीक आहे, पण रेल्वे स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायवर उत्तर कोण देईल, यावर आपला ताबा नसतो. अशिलांची कागदपत्रे त्याच लॅपटॉपवर असतात, म्हणून हे आवर्जून सांगतो. आणि अपवादांच्या रकान्यात विंडोज नावे अर्धविरामाने वेगळी करते व तारांकित नमुनेही चालवून घेते, हे ध्यानात ठेवावे; लिनक्सची यादी येथे जशीच्या तशी चिकटवली की ती निमूटपणे निरुपयोगी ठरते.

प्रश्न: महाविद्यालयाच्या प्रॉक्सीला नाव आणि पासवर्ड लागतो. माझ्या पासवर्डमध्ये ‘ॲट’चे चिन्ह आहे. टर्मिनलमध्ये सतत ४०७ हा क्रमांक दिसतो किंवा सर्व्हर सापडत नाही असे येते. — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: पत्त्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह पासवर्ड कुठे संपतो आणि सर्व्हरचे नाव कुठे सुरू होते हे दाखवते, त्यामुळे आपल्या पासवर्डचा उत्तरार्ध कधी कधी सर्व्हरचे नाव म्हणून वाचला जातो. त्या चिन्हाऐवजी टक्केचिन्ह आणि ४० असे लिहावे; हॅशसाठी टक्केचिन्ह आणि २३, विसर्गचिन्हासारख्या कोलनसाठी टक्केचिन्ह, ३ आणि कॅपिटल ए. ४०७ चा अर्थ प्रॉक्सी सापडली पण तिने ओळख मागितली, म्हणजे वाट बरोबर आहे आणि नाव किंवा पासवर्ड चुकतो आहे.

हा पासवर्ड ‘ईटीसी’तील एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये मात्र कधीही लिहू नये. ती फाइल संगणकावरील प्रत्येक खात्याला वाचता येते, आणि महाविद्यालयांत हाच पासवर्ड बहुधा ईमेललाही असतो. स्वतःच्या होम फोल्डरात एक छोटी फाइल करावी, ‘सीएचमॉड ६००’ देऊन ती फक्त स्वतःपुरती वाचनीय करावी आणि गरजेपुरती शेलमध्ये वाचून घ्यावी. पिंग करून जोडणी तपासत असाल तर तेही थांबवावे. पिंग प्रॉक्सीमधून जातच नाही; तो अपयशी ठरला म्हणून प्रॉक्सी बंद आहे असे होत नाही.

प्रश्न: मॅकवर वायफायने सर्व चालते, केबल लावली की प्रॉक्सी नाहीशी होते. — ग्राफिक डिझायनर, ठाणे

उत्तर: मॅकमध्ये प्रॉक्सी संपूर्ण यंत्राची नसून प्रत्येक नेटवर्क सेवेची असते. सिस्टिम सेटिंग्जमधील नेटवर्कमध्ये जाऊन इथरनेट निवडावे, ‘डिटेल्स’मध्ये ‘प्रॉक्सीज’ उघडावे आणि वायफायला भरलेला पत्ता तेथेही भरावा. या क्षणी कोणती प्रॉक्सी लागू आहे हे टर्मिनलमध्ये ‘एससीयूटिल --प्रॉक्सी’ या कमांडने दिसते; ‘एससीयूटिल’ हे नाव रोमनमध्ये एस, सी, यू, टी, आय, एल असे सलग लिहावे. टर्मिनलमधील बरेच प्रोग्रॅम मात्र मॅकवरही पर्यावरण चलेच वाचतात, हे पहिल्या उत्तरातच आले आहे.

प्रश्न: घरच्या विंडोज संगणकावर मी कधीही प्रॉक्सी भरलेली नाही. अँटिव्हायरसने काही धोकादायक फाइली काढल्या आणि तेव्हापासून एकही पान उघडत नाही. सेटिंगमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे एक पोर्ट दिसतो. बंद केला तरी संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो परत येतो. — गृहिणी, चिपळूण

उत्तर: १२७.०.०.१ म्हणजे आपलाच संगणक. कोणत्या तरी प्रोग्रॅमने स्वतःला मध्ये बसवून सर्व वाहतूक आपल्याकडे वळवली होती. मुलांसाठीची देखरेख किंवा जाहिराती अडवणारी काही साधनेही असेच करतात, त्यामुळे पत्ता दिसला म्हणून लगेच घाबरू नये. आपल्याकडे मात्र अँटिव्हायरसने तो प्रोग्रॅम काढला आणि सेटिंग तसेच राहिले, असे दिसते. ब्राउझर आजही त्या रिकाम्या खुर्चीशी बोलू पाहतो आहे.

पत्ता परत येतो, याचा अर्थ तो लिहिणारे काहीतरी अजून शिल्लक आहे. प्रॉक्सी बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा. पत्ता परतल्यावर, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट -एएनओ’ लिहून त्या पोर्टची ‘लिसनिंग’ असलेली ओळ शोधावी. ओळ सापडली तर तिच्या शेवटचा क्रमांक टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये पाहावा, प्रोग्रॅमचे नाव तेथे कळेल. ओळच नसेल तर टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ची यादी आणि ‘टास्क शेड्यूलर’मधील अनोळखी नावे तपासावीत, कारण पत्ता तेथूनच लिहिला जात असण्याची शक्यता मोठी आहे. नाव ओळखीचे नसेल तर ते काढून, विंडोज सिक्युरिटीमधील ‘ऑफलाइन स्कॅन’ एकदा पूर्ण चालवावे, आणि ते होईपर्यंत त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. त्या प्रोग्रॅमने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे विंडोज संकेतस्थळांवर विश्वास ठेवते ते) विंडोजमध्ये बसवले आहे का, हेही ‘सर्टएमजीआर.एमएससी’ उघडून पाहावे. प्रोग्रॅम गेल्यावरही ते प्रमाणपत्र मागे राहते, आणि ते ओळखणे कठीण वाटले तर त्या यादीचे छायाचित्र या सदराकडे पाठवावे.